काच खाली करून

श्कोद्रा शहरात, पुलाकडे वळणाऱ्या चौकात
माझी टपरी आहे. पंक्चर, ब्रेक, चेन.
माझं पोट सायकलींवर चालतं,
तेव्हा माझी साक्ष थोडी वाकडीच धरा.

पाशुक आणि द्रांदे माझ्या भिंतीपलीकडे राहतात.
सकाळी सव्वासातला एकाच फाटकातून निघतात:
तो मर्सिडीजमधून, ती सायकलवरून.
त्याची जमीन-नोंदणीची कचेरी चालत अकरा मिनिटांवर,
तिचं प्रसूतिगृह त्याच रस्त्याला, जरासं पुढे.
"बस ना गाडीत," तो म्हणायचा, पहिली काही वर्षं.
"बसले असते," ती म्हणायची,
"पण पोरं माझ्यासाठी थांबत नाहीत रे.
तुझ्याबरोबर चौकात अडकले
तर ती मला पाळण्यात नाही, शाळेत भेटतील."

त्याला हसू नका.
आमच्या तरुणपणी गाडी फक्त सरकारची असायची,
काळी, पडदे लावलेली. ती आली की कडेला व्हायचं
आणि आत कोण आहे ते पाहायचं नाही.
पाशुकने लग्नाच्या दिवशी द्रांदेला
सायकलच्या दांडीवर बसवून घरी आणलं.
पांढरा झगा चेनमध्ये जाऊ नये म्हणून
तिने मुठीत गोळा केलेला, गुडघे उघडे,
म्हातारी माणसं तोंड फिरवून हसत होती.
मग राज्य पडलं, आणि श्टुटगार्टहून
कुणा परक्याच्या सिगारेटचा वास घेऊन ही मर्सिडीज आली.
पहिल्या रात्री पाशुक तिच्यातच झोपला.
पडदे नव्हते. त्याने मुद्दाम तपासून घेतलं होतं.

आता प्रत्येकाकडे तशी एक आहे,
म्हणून कुणीच हलत नाही.
चौकात गाड्या एकमेकींच्या शेपट्या हुंगत उभ्या,
आणि माझ्या टपरीसमोर रोज घडायचं ते असं:
द्रांदे मागून यायची, त्याच्या दाराशी थांबायची,
एक पाय जमिनीवर, एक हात खिडकीच्या कडेवर.
तो काच खाली करायचा. आणि ती दोघं बोलायची.
घरी नाही बोलत. भिंत पातळ आहे, मला माहीत आहे.
घरी टीव्ही बोलतो.
इथे मात्र मुलीचा मिलानहून आलेला फोन,
रात्री जन्मलेली जुळी,
तळ्यातला मासा किती महागला,
तुझ्या कॉलरला अंडं लागलंय, पूस.
मागचा हॉर्न वाजवायचा. गाडी चार हात सरकायची.
तिचा हातही सरकायचा, कडेवर तसाच,
जणू गाईच्या पाठीवर हात ठेवून
तिला सावकाश घरी नेतेय.

मार्चमध्ये नगरपालिकेने सायकलींसाठी वेगळी पट्टी आखली.
लाल रंग, मध्ये कमरेएवढे रबरी खांब.
माझा धंदा दुप्पट झाला, मी गल्लीभर कॉफी पाजली.
द्रांदे आता चार मिनिटांत पोचते.
पहिल्या दिवशी ती खांबांपाशी थांबली,
हात लांब केला. काच तीन हात दूर.
पाशुक आतून काहीतरी म्हणाला.
"काय?" ती ओरडली.
तिच्या मागच्याने घंटी वाजवली.
सायकलवाल्यानेच.
मग ती गेली.

पुढे कित्येक आठवडे त्याची काच वरच असायची.
मी एकदा म्हटलं, उंच दांडीची एक जुनी आहे माझ्याकडे,
तुला बरोबर बसेल.
"पाहू," म्हणाला. म्हणजे नाही.

परवा संध्याकाळी मी ट्यूब वाळत घालायला गच्चीवर गेलो.
पलीकडे अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली
मर्सिडीज उभी. इंजिन बंद.
पाशुक आत बसलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर.
काच खाली.
द्रांदे कामावरून आली. फाटक लावलं.
सायकल भिंतीला टेकवायची, ती टेकवली नाही.
तशीच गाडीपाशी आली, एक पाय जमिनीवर,
हात खिडकीच्या कडेवर.
"किती वेळ झाला अडकून?" तिने विचारलं.
"बराच," तो म्हणाला. "पुढे काहीतरी झालंय."

मी खाली उतरलो.
ट्यूब ओलीच राहिली हातात.