उघारी

आमच्या कंपनीच्या आतल्या जाळ्याचं नाव 'अंगण'.
नावासाठी स्पर्धा लावली होती, बक्षीस एक मिक्सर.
पावण्याच्या गेटच्या आत असाल तरच अंगण उघडतं.
गेटबाहेर, टपरीवर, फोन कितीही उंच धरा,
पांढरं पान, मधोमध फिरणारं चाक.

माझं काम अंगण झाडायचं.
कुणाची बदली, कुणाचा विसरलेला पासवर्ड,
गुरुवारी कँटीनला अंडाकरी की पनीर,
तीन नंबर रिअ‍ॅक्टरच्या झडपेचा नकाशा:
आवृत्ती सातवी, सहावी वापरू नये.
कोण काय शोधतं तेही मला दिसतं.
मार्चमध्ये बोनस. मेमध्ये शाळेची फी, कर्ज.
एकदा एका आठवड्यात बावीस जणांनी
'ग्रॅच्युइटी' शोधलं.
ती यादी मी कुणाला दाखवली नाही.

मग वरून पत्रक आलं:
निवृत्त होण्याआधी प्रत्येकाने
आपल्याला जे येतं ते अंगणात लिहून ठेवावं.
लोकांनी जुनी मॅन्युअलं चिकटवली.
गजानन मढवी, फिटर, पावणे गावचेच,
जमीन गेली म्हणून नोकरी मिळालेले,
माझ्या शेजारी बसून एका बोटाने
तासभर टाइप करत राहिले:

'सर्वर रूमच्या खाली आमची उघारी व्हती.
खाडीची बारकी जीभ इथवर यायची.
बांधाला लाकडाचं दार. भरतीला मिटायचं,
ओहोटीला आतलं पाणी सोडायचं.
बापूस रातचा उठून बघून यायचा.
कारखान्याने भराव टाकला. पाण्याला कोणी सांगितला नाय.
अमावशेच्या उधाणाला केबलचा खड्डा बघत जा.
टोकन ४१७.'

वाचणारे: चार.
दोनदा मी, एकदा ते स्वतः,
एक जण चुकून, दिवाळी भेटीची यादी शोधताना.

एकतीस मे. संध्याकाळी सहाला
त्यांचं खातं मीच बंद केलं. तशी पद्धत आहे.
हातात शाल होती, पेढ्यांचा बॉक्स होता,
'बाय, बंद केलंस?' एवढंच विचारलं.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेअकराला फोन आला.
मी साडीतच गेले. अंगण बंद, हजेरी बंद, सगळंच बंद.
केबलच्या खड्ड्यात घोटाभर पाणी,
आणि कॉन्ट्रॅक्टरचा माणूस सांगत होता
वरची टाकी फुटली असणार.
मी वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं.
खारट.

चिठ्ठी होती त्याच यंत्रात
जे आम्ही दोघांनी मिळून टेबलावर उचलून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी अंगण पुन्हा सुरू झालं.
नोंदीत दिसलं: उधाणाच्या आधीच, दुपारी,
सिक्युरिटीच्या जगतापने शोधलं होतं
'पाणी गळती', मग 'लीकेज', मग 'ओल कुठून येते'.
उत्तरं शून्य.
मी 'उघाडी' शोधलं. शून्य.
त्यांनी लिहिलं तसं लिहिलं, 'उघारी'.
एक.

त्यांना फोन लावला. मागे टीव्ही, नातवंडं, कढईचा आवाज.
'माझा कागद हाय ना तिथं?'
आहे, काका.
'मना घरून दिसत नाय. पोराने करून बघितला.'
बाहेरून नाही दिसत. तुम्ही आता बाहेर आहात.
थोडा वेळ नुसता टीव्ही.
मग हसले. 'जमीन आमची, न् बाहेर पन आमीच.'

मला काही सुचलं नाही,
म्हणून त्यांची चिठ्ठी त्यांनाच वाचून दाखवली,
सावकाश, उघारीला उघारीच म्हणत.
'लाकडाचं' पाशी त्यांनी थांबवलं.
'सागाचं लिव. बापसाने बैल इकून आणलेला साग व्हता.'

मी दुरुस्त केलं. खाली शोधशब्द जोडले:
पाणी, गळती, ओल, खड्डा, खाडी, भराव.
एक शब्द जोडून पुसला: मालक.
वर तारीख टाकली.
आवृत्ती दुसरी, पहिली वापरू नये.