एका हाताचं वाचन

सोमवार, बुधवार, शुक्रवार. दुपारी एक ते पाच.
डावा हात यंत्राचा, उजवा माझा.
कुताइसीच्या या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
रक्त बाहेर जाऊन, धुऊन परत येईपर्यंत
माणसानं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

मी ठरवलं होतं: आता तरी तो ग्रंथ.
नऊशे बारा पानं. चाळीस वर्षं भूमिती शिकवताना
'निवृत्त झाल्यावर' म्हणत वरच्या फळीवर बसवलेला,
दूरच्या श्रीमंत नातलगासारखा.
त्याच्याकडे जायचं तर कपडे धड हवेत, वेळ हवा.

वेळ मिळाला. हात मात्र एकच.
सतराव्या पानावर मनगट लटपटलं
आणि तीन घराणी, दोन लढाया, एक न संपणारा हिवाळा
धप्पकन छातीवर.
यंत्र कोकलू लागलं. सिरा धावत आली.
(माझीच विद्यार्थिनी. प्रमेयांत कच्ची, शिरा शोधण्यात पक्की.)
"बाई, अभिजात वाङ्मयानं माणूस दगावतो
हे शाळेत नाही सांगितलंत!"

शेजारच्या खाटेवर उशांगी. पूर्वी ट्रॉलीबस चालवायचा.
काही न बोलता त्यानं उशीखालून पुस्तक सरकवलं,
तळहाताएवढं. वर लाल नखांची बाई, सुरा,
आणि कुणाची तरी सावली, चुकीच्या कोनात पडलेली.
मी भुवई उंचावली. भुवईला चाळीस वर्षांचा सराव.
मग पाच वाजले. तीन मुडदे पडले होते
आणि सुई कधी निघाली ते मला कळलंही नाही.

तीन महिने मग नुसते खून.
घरी फडताळाकडे पाठ करून चहा प्यायचे.

इथे येताना वजन करतात, जाताना वजन करतात.
सगळं पाणी काढल्यावर जे उरतं
त्याला म्हणतात कोरडं वजन.
एका रात्री झोप येईना, म्हणून खुनी मोजू लागले:
माळी, जुळा भाऊ, दंतवैद्य...
चौथा आठवेना. मारला कुणाला, तेही नाही.
पण त्या दुपारी सरल्या होत्या,
हेही खोटं नाही.

पांढऱ्या पुलाखाली वालिको बुकबाइंडर बसतो.
म्हटलं, याचे अकरा तुकडे कर.
त्यानं आधी क्रूस काढला छातीवर, मग सुरी.
आमच्या स्वयंपाकघराच्या उरलेल्या वॉलपेपरची
पिवळ्या नासपतींची अकरा कव्हरं.
एकेक भाग, भाकरीच्या चतकोराएवढा हलका.

आता डोकं ताजं असतं तेव्हा नासपती,
तीन वाजले, पायांत गोळे आले, की लाल नखं.
हा नियम नाही. कधी उलटंही होतं.
कधी नुसती खिडकी,
आणि रिओनी नदी, तिला कुणीच बांधणी केलेली नाही.

एकदा उशांगीनं चौथा भाग उचलला.
"अरे, आधीचे तीन?"
"बाई, ट्रॉलीबसमध्ये लोक मधल्याच थांब्यावर चढतात."
आणि दहाव्या मिनिटाला खो खो हसत सुटला.
सेनापती तंबूभर चष्मा शोधतोय,
आणि चष्मा त्याच्या कपाळावर!
त्याच ओळींखाली मी पट्टी धरून रेघ मारली होती.
समासात लिहिलं होतं: 'सत्तेचे अंधत्व'.

मग त्याला सकाळची पाळी मिळाली.
चौथा भाग त्याच्याबरोबर गेला.
मी तिसऱ्यावरून थेट पाचव्यात शिरले,
कोण मेलं, कुणाचं लग्न झालं, पत्ता नाही.
उतरलेल्या प्रवाशांचं कुठे काय कळतं?
काल सिरानं पुडकं दिलं: चौथा भाग परत,
आत जुनं तिकीट, एकतिसाव्या पानावर अडकलेलं.
मी ते पान वाचलं. मग पुन्हा वाचलं.
इथेच का थांबला असेल?
उशीखाली त्याच्यासाठी एक नवा खून ठेवला,
चौथा भागही ठेवला. तिकीट तसंच.

जाताना काट्यावर उभी राहिले.
आकडा काही केल्या जुळेना.
सिरा ओरडली,
"बाई, आधी ती पिशवी खाली ठेवा!"