ऊर्फ

पाद्रीबाबांचं अक्षर गिचमिड.
थंडीत त्यांची शाई गोठायची, तेही कळतं:
फेब्रुवारीतल्या नोंदी फिकट, तुटक,
जूनमधल्या काळ्याभोर.

मी लुसिएन शाग्रँ.
मँचेस्टर, न्यू हॅम्पशायरमध्ये सगळे म्हणतात शॅग्रिन.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
आता पाच तास स्वतःची गाडी चालवत
रिशेल्यू नदीकाठच्या या चर्चच्या मागच्या खोलीत
सुती हातमोजे घालून बसलेय.

इथे प्रत्येक मुलगा आधी जोझेफ,
प्रत्येक मुलगी आधी मारी,
मग धर्मबापाचं किंवा धर्ममातेचं नाव,
आणि अगदी शेवटी,
भरल्या पंगतीत कोपरा मिळावा तसं,
आई ज्या नावाने हाक मारणार ते.

मारी-जेनव्हिएव्ह, मार्च १७३१. नऊ दिवस.
मारी-जेनव्हिएव्ह, एप्रिल १७३२. दोन वर्षं.
मारी-जेनव्हिएव्ह, ऑगस्ट १७३५.
ही जगली. अकरा बाळंतपणं काढली.
असल्या हिवाळ्यांत नाव वाया घालवत नाहीत,
थोरलीचं झबलं धाकटीला.
तिसरीला हाक मारताना
आईचा आवाज अडखळायचा का,
वहीत नाही.

आई : मारी-उर्स्युल दान्यो.
लग्नात दान्यो, प्रत्येक बारशात दान्यो,
मातीआड गेली तेव्हाही दान्यो.
नवऱ्याचं नाव ओळख पटवायला, शेजारी.
खाली दरवेळी तेच वाक्य :
विचारले असता, सही येत नाही असे म्हणाली.
मी ते वाक्य एकोणीसदा वाचलं.
एकोणीसदा तिला कुणी तरी विचारलं होतं.

आणि तो, ज्याच्यासाठी मी आले :
ज्युलियँ व्हेर्नोल, फौजेतला शिपाई,
ऊर्फ सां-शाग्रँ.
तुकडीत सात ज्युलियँ होते म्हणे,
कप्तानाने एकेकाला टोपणनाव चिकटवलं :
एक ट्युलिपचं फूल, एक डोंगरफोड्या,
आणि हा सां-शाग्रँ, म्हणजे शोक नसलेला,
अ-शोक.
सतत हसायचा म्हणून?
की रात्री घोंगडीत तोंड खुपसून रडायचा
आणि बाकीच्यांनी थट्टा केली?

त्याची दोन मुलं व्हेर्नोल लावत राहिली,
तिघांनी सां-शाग्रँ घेतलं.
सख्खे भाऊ, एकाच आवारात पुरलेले,
दगडांवरून परके.
मी या ऊर्फला तीन वर्षं अडखळत होते,
भलत्याच व्हेर्नोलांच्या मागे
दोन उन्हाळे घालवले.

मग पणतूचा मुलगा पोलीकार्प
सूतगिरणीत कामाला सीमेपलीकडे आला, १८८४.
कारकुनाच्या पगारवहीत रकाना अरुंद.
त्याने पुढचं बारकं अक्षर खुडून टाकलं,
जसा घेवड्याचा शेंडा.
अ गेला.
उरलं ते चार पिढ्या आम्ही लावतोय,
टपालपेटीवर, दवाखान्याच्या कार्डावर,
माझ्या बसच्या परवान्यावर.

संध्याकाळी पार्किंगमधून राऊलला फोन केला.
माझा धाकटा भाऊ, बर्फ काढायची गाडी चालवतो.
तेरेझ जाऊन त्याला आता पाच महिने होतील.
सगळं सांगितलं, शिपाई, कप्तान, रकाना.
तो बराच वेळ गप्प.
मागे टीव्हीवर हॉकीचा सामना.
मग म्हणाला,
परत लावून घ्यायला कोर्टात किती लागतात?
मी म्हटलं, दीडशेच्या आसपास असतील.
राहू दे, म्हणाला. सवय झालीय.

मी काही बोलले नाही.
फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं,
पण ते माणूस हसरं होतं की रडकं?
वहीत नाही, मी म्हटलं.
उद्या परत बघ, म्हणाला.