बेरीज

आमच्या दोघांच्या वयांची बेरीज
आजवर कुणी केली नव्हती.
सोयरिकीच्या वेळी मामांनी वजाबाकी केली होती,
एकच वर्षाचं अंतर, म्हणाले, जरा कमीच.
कायद्याला बेरीज लागते.
पंच्याऐंशीपर्यंत असेल तर दोन वर्षांच्या आतलं बाळ,
नव्वदपर्यंत दोन ते चार,
शंभरापर्यंत चार ते आठ.
पहिल्यांदा चौकशीला गेलो
तेव्हा आम्ही त्र्याऐंशी होतो.

मग सासूबाईंचं आजारपण.
मग माझंच अडणं, रक्त, वंश वगैरे,
आता लिहायलाही लाज वाटते.
मग कळलं, लग्नाचा दाखलाच नाही.
सिन्नरच्या मांडवात लागलेलं लग्न
नोंदवायचं राहून गेलेलं.
अठरा वर्षांनी पत्रिका शोधली, साक्षीदार गोळा केले.
अर्जातली अट मी मोठ्याने वाचली,
किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं.
वैजयंती म्हणाली, अठरातली कोणती दोन लिहू?

नोंदणी झाली त्या दिवशी आम्ही एक्क्याण्णव.
कपाटातलं दुपटं तिने भाचीच्या बाळाला देऊन टाकलं
आणि दुपारभर भांडी घासली.

नाशिकरोडच्या छापखान्यात मी
बावीस वर्षं नोटांतले दोष शोधतो.
शाई सरकलेली, कडा चुकलेली, आकडा पुसट,
असलं काही दिसलं की बाजूला.
शिरसाट मॅडम घर पाहायला आल्या
तेव्हा मी भिंतीची ओल आधी त्यांनाच दाखवली.
सवय.
त्यांनी पगाराचा दाखला पाहिला, साखरेचे रिपोर्ट पाहिले,
आणि विचारलं, राग आला की काय करता?
तेवढ्यात देवळालीकडे सराव सुरू झाला,
तोफेच्या आवाजाने खिडकीची काच थरथरली.
त्यांनी तेही लिहून घेतलं.
शिफारसपत्र वरच्या पगारे काकांचं,
'माणसं बरी आहेत. भांडतात,
पण दार उघडं ठेवून.'

अडीच वर्षं.
मग एका मंगळवारी संदेश आला,
एक फोटो, वैद्यकीय अहवाल,
होकारासाठी अठ्ठेचाळीस तास.
फोन गेटवर जमा असतो आमचा.
सुटी होऊन हातात आला तेव्हा
चाळीस उरले होते.
आम्हाला चार मिनिटं लागली.

संस्थेच्या अंगणात बेल्जियमहून आलेलं एक जोडपं होतं.
त्यांच्या मुलाच्या हृदयाला छिद्र,
इथल्या कित्येकांनी अहवाल वाचून नको म्हटलेला.
त्यांची फाईल आमच्याहून तिप्पट जाड,
त्यांच्या देशाचा होकार, पोलिसांचा दाखला, घराची तपासणी,
सगळं भाषांतरित, शिक्क्यांनी भरलेलं,
आणि सगळ्यात वर दिल्लीचं ना-हरकत.
एवढा मोठा देश, आणि शेवटी म्हणतो काय,
हरकत नाही.
चुकून पाय लागला की आपण म्हणतो तसं.
ती बाई वहीत पाहून घोकत होती,
जेवलास का, जेवलास का.
मुलगा तिच्या चपलेचा पट्टा उघडझाक करत बसला होता.

आमची सगुणा साडेपाच वर्षांची.
आधी सांभाळायला म्हणून घरी आली,
कलेक्टरसाहेबांचा आदेश दहा आठवड्यांनी.
जन्मदाखल्याच्या अर्जात बाळाचं नाव असा रकाना होता.
संस्थेत ठेवलेलं बदलता येतं, कारकून म्हणाला.
वैजयंतीने तिलाच विचारलं.
ती म्हणाली, सगुणाच आहे मी,
तुमचं काय ते लिहा.
आम्ही आमचं लिहिलं,
आईचे नाव, वडिलांचे नाव.
माझं अक्षर एवढं वाईट कधीच आलं नव्हतं,
छापखान्यात असतं तर बाजूला काढलं असतं.

काल रात्री पुन्हा तोफा.
काच हलली, तशी ती उठून बसली,
कोणीतरी आलंय.
अगं, तोफ आहे ती, वैजयंती म्हणाली, नेहमीची.
असू दे, ती म्हणाली,
मी बघून येते,
आणि कडीला हात पुरेना म्हणून
स्टूल ओढायला लागली.