एका रुपयात दोघं

वडगावात, पिठाच्या गिरणीला लागून,
बाबाजान दफेदाराच्या पत्र्याच्या खोलीत
तीन मशिनं होती.
त्यातलं एक कायम बंद.
त्याच्यावर तो स्वतः बसायचा, चिल्लर मोजत,
आणि गिरणीचा पांढरा भुरका
तिन्ही काचांवर सारखाच बसायचा.

शंभर कांड्या भरल्या की आई रुपया द्यायची.
आमच्या घरात दोन माग, ईरण्णाच्या घरात चार,
त्याच्याकडं रुपये जास्त यायला हवे होते,
पण त्याला बहिणी तीन,
तिघीही हाताला त्याच्याहून चलाख.
म्हणून एका रुपयात दोघं.
दांडा त्याच्या हातात, बटणं माझ्या.
विमान त्यानं चालवायचं, गोळ्या मी मारायच्या.
हे कुणी ठरवलं, आठवत नाही.

"होडी! होडी!" ओरडायचा तो.
त्याच्या भाषेत: मार.
माझ्या भाषेत होडी ती होडीच, पाण्यातली.
सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस
मी पडद्यावर होडी शोधत राहिलो
आणि आमचं विमान पडत राहिलं.
"खुळ्या, कुठं बघालायस?"
पुढं कळलं. कळलं तरी
दर वेळी केसाएवढा एक क्षण
त्या काळ्या आभाळात होडी दिसायचीच,
आणि मगच माझं बोट खाली जायचं.

मशीन आमच्यापैकी कुणाच्याच भाषेत बोलायचं नाही.
'इन्सर्ट कॉइन' दफेदारानं समजावलं.
'गेम ओव्हर' कुणी समजावायची गरज पडली नाही.
गुण जास्त झाले की तीन अक्षरं लिहू द्यायचं.
एक त्याचं, एक माझं,
तिसरं दफेदाराचं टाकायचो,
खूश होऊन एखादा डाव फुकट देईल म्हणून.
त्यानं ते कधी पाहिलं नाही.
रात्री लाइट जायची
आणि सकाळी यादीत आम्ही कुणीच नसायचो.

एका नोव्हेंबरच्या एक तारखेला
चौकात त्यांचे झेंडे, आमच्याकडं काळ्या फिती.
मी वडलांची बांधली होती, ती कोपरापर्यंत घसरायची.
दफेदारानं शटर ओढलं, वीतभर ठेवून,
कारण आम्ही आत होतो आणि डाव चालू होता.
मशीनच्या मागं हात घालून
त्यानं आवाजाची वायर काढली.

बाहेरून घोषणा गेल्या. आधी त्याच्या, मग माझ्या.
शेवटचा शब्द दोन्हींत लांब ओढलेला.
एक दगड शटरवर आला.
"बारका हाय," दफेदार म्हणाला, आणि परत मोजायला लागला.

ईरण्णाला ओरडता येईना.
त्यानं माझ्या पायावर पाय ठेवला,
मारायची वेळ आली की दाबायचा.
त्या दिवशी आम्ही कधी नव्हे इतके लांब गेलो.
वाळवंट गेलं, डोंगर गेले, सहावा टप्पा आला
आणि खाली समुद्र लागला.
तिथं समुद्र आहे
हे अख्ख्या वडगावात कुणाला माहीत नव्हतं.
आणि समुद्रात, खरं सांगतो,
एक होडी होती.
चार चौकोनांची, तांबडी.

तो पाय दाबतोय, दाबतोय,
आणि मला हसू आवरेना.
तोंडावर हात धरला, बटणावरचाच.
विमान पडलं.
पडद्यानं विचारलं: पुढं खेळणार?
दहा, नऊ, आठ...
दोघांच्या खिशात मिळून सुताचा एक तुकडा.
शून्य होईपर्यंत आम्ही बघत उभे राहिलो,
शटरखालनं माणसांचे पाय जात होते.

परवा मुलाच्या फोनवर तसलाच एक खेळ बघितला.
फुकट आहे. एका बोटानं चालतो.
गोळ्या आपोआप सुटतात,
दुसऱ्या माणसाला कामच नाही.
"खेळून बघा की," पोरगं म्हणालं.
मी फोन हातात घेतला, आवाज बंद केला,
आणि टेबलाखाली
पाय जरा पुढं सरकवून बसलो.