पोकळ चौकट

टिळक रोडला झेरॉक्सच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास, साडेसात ते नऊ.
वीस-बावीस वर्षांची पोरं, आणि मी,
हडपसरच्या गोदामात बिलं करणारी, एक्केचाळीस पूर्ण.
बिरादार सर म्हणतात, कोड लिहायची घाई नको.
आधी काय काय आहे ते बघा. कोण कुणाला धरून आहे ते बघा.
चालतं कसं, ते मागाहून.

बाकीच्यांनी लायब्ररी घेतली, एकदोघांनी बँक.
मी घेतलं दादांचं दुकान,
भवानी पेठेतलं, भाड्याच्या सायकलींचं:
तासाला आठ आणे, मग रुपया, मग कुणी विचारेना.

एक आयत, त्याचे तीन कप्पे.
वर नाव. मध्ये जे असतं ते. खाली जे करता येतं ते.
सायकल: नंबर, रंग, ब्रेक लागतो की नाही.
खाली: भाड्याने दे, परत घे, पंक्चर काढ.
सर म्हणाले, नुसती सायकल कधी पाहिलीय?
नव्हती पाहिली.
लेडीज होती, जेन्ट्स होती, पोरांची अर्धी होती,
नुसती सायकल फक्त दुकानाच्या पाटीवर.
मग तिचं नाव तिरकं लिहायचं, म्हणाले.
जिची वस्तू घडत नाही, तिचं नाव तिरकं.

वारशाचा बाण मी उलटा काढला,
बापाकडून मुलांकडे, घरात येतो तसा.
सरांनी टोक फिरवलं.
बाण पोरांकडून निघतो, वर बापाकडे.
अर्ध्या सायकलीला माहीत असतं, आपण सायकल आहोत.
सायकलीला माहीत नसतं, आपल्याला पोरं किती.
मागच्या बाकावरचा ऋत्विज हसला.
मी वहीत लिहून घेतलं, दोनदा.

उधारीच्या आधी वजाचं चिन्ह. म्हणजे खासगी.
बाहेरच्याने हात लावायचा नाही,
विचारायचं, आणि दुकान सांगेल ते ऐकायचं.
एवढं मला शिकवावं लागलं नाही.
लाल वहीचं ते पान आईलासुद्धा दिसलं नव्हतं.

मग दुकान आणि सायकली यांच्यामध्ये रेघ,
दुकानाच्या टोकाला चौकट, पत्त्यातली असते तशी.
ती मी पेनाने गच्च भरली.
सरांनी विचारलं, दुकान पुसलं तर सायकली पुसल्या जातात?
भरलेल्या चौकटीचा अर्थ तोच,
अख्खं गेलं की भागही गेले.
मी हो म्हणणार होते.
आमच्याकडे तसंच म्हणायचे, दुकान गेलं, सगळं गेलं.

पण गेल्या नव्हत्या.
अकरा जुन्या बाजारात, वजनावर.
दोन कमरुद्दीनमामांनी नेल्या, पैसे अजून यायचेत.
आणि सतरा नंबर, मडगार्डवर दादांच्या हातचा पिवळा सतरा,
मला पद्मावतीच्या चढावर दिसली होती
दोन्हीकडे दुधाच्या किटल्या घेऊन,
उतरून ढकलत होता कुणीतरी.
मी रिक्षात होते. थांबवा म्हटलं नाही.

तेव्हा चौकट पोकळ.
शाई खोडरबराला दाद देईना. ब्लेडने खरवडली
तर कागदाला भोकच पडलं,
भोकातून बाकाचं लाकूड दिसतं.
चालेल, म्हणाले सर.

नोंदवही मात्र भरल्या चौकटीतच राहिली.
कोण कधी कुठली घेऊन गेलं, किती वाजता परत आलं,
सगळं दिवाळीच्या पहाटे बंबात गेलं.

शेवटी एक आयत उरला. त्यात मी दादा लिहिलं होतं.
त्यांची दुकानाशी रेघ कुठली, भरली की पोकळ?
दुकान बंद झाल्यावर सहा वर्षं जगले ते.
पहाटे साडेपाचला उठून पंप शोधायचे.

सर वहीकडे बघत राहिले जरा वेळ.
माणूस या आकृतीत येत नाही, म्हणाले,
तो बाहेर उभा असतो. त्याची आकृती वेगळी,
सोमवारी घेऊ.

मी पेन्सिलीने रेघ ओढून ठेवलीय.
टोकाला अजून काही काढलेलं नाही.