झाकण

आमच्या घरात हलगी होती
हे मला दहावीपर्यंत माहीत नव्हतं.
मला ते तांदळाच्या डब्याचं झाकण वाटायचं.
लोखंडी कडं, मध्ये काळपट कातडं,
त्यावर आईची मिठाची बरणी.

गावात बापाच्या हलगीशिवाय
कुणाचं लग्न लागत नसे.
जेवायला मात्र पंगती उठल्यावर, उकिरड्याच्या कडेला.
पाटलाचा बैल मेला तेव्हाही त्यानं वाजवली.
आजी गेली त्या दिवशी बोलावणं आलं :
वरात खोळंबलीय. मढं काय पळून जातंय?
वाजवून आला, आजीला माती दिली,
रातोरात मानखुर्द गाठलं.
परत टिपरू हातात धरलं नाही.
गल्लीत बँजो पार्टी आली
की खिडकी लावून घ्यायचा.

मग अभिमान गटारात उतरला,
चेंबूरला, मंगळवारी, दोरीशिवाय.
दुसऱ्या दिवशी मुकादम आला
नवे गमबूट घेऊन, खोक्यासकट. सात नंबर.
आधीच मिळाले होते असं लिहून द्या, म्हणाला,
आणि मयत शांततेत न्या.
आवाज नको.

बापानं मिठाची बरणी उचलून खाली ठेवली.

खोकं फाडलं. पेटवलं.
जाळावर कातडं धरलं.
तापताना ते कुरकुरत होतं
झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्यासारखं.
टिचकी मारून बघितली.
अजून नाही.
अजून थोडं.

पहिला टोला पडला
तो वरातीचा नव्हता, बैलाचाही नव्हता.
आणि आई उठली.
हळदीत कुणी हात धरून ओढलं
तरी भिंतीला चिकटून बसणारी माझी आई
पदर खोचून, मुठी आवळून
अशी नाचायला लागली
की टाचेखाली कुणाला तरी गाडतेय.
बायका तिला आवरायला गेल्या,
आवरता आवरता त्यांचेही पाय सुटले.
कुणीतरी बोललं, पोरगा मेलाय अन् नाचतेय?
शेवंतामावशी म्हणाली, मग कधी नाचू?

बायांनी मसणात जायचं नसतं म्हणे.
आम्ही गेलो.
गमबूट मुकादमाच्या स्कूटरवर ठेवले,
त्याची पावती कोरीच.

आता हलगी खिळ्याला असते.
कुणी बोलावलं तर बाप जात नाही.
त्याला वाटलं की वाजवतो.
कधी रात्री अकराला, दोनच टोले,
आणि शेजारीपाजारी काही बोलत नाहीत.

तांदळाच्या डब्यावर परात ठेवतो आम्ही.
नीट बसत नाही.
किडे होतात. आई उन्हात बसून निवडते,
नवं झाकण आण म्हणत नाही.